आक्काच्या गालातला जेट

शेवंताआक्काविषयी वर्तमानपत्रात एकदाच चार ओळी छापून आल्या, आणि चारही चुकीच्या होत्या. मथळा होता : 'नळाच्या मागणीसाठी महिलेचा आत्महत्येचा प्रयत्न.' खाली लिहिलं होतं की मानसिक तोल ढळलेल्या एका महिलेने सरकारी कार्यालयाच्या आवारात धातूची वस्तू गिळली.

आत्महत्या? आक्का? भाजीवाल्यानं पारड्याला बोट लावलं तर अख्खा बाजार गोळा करणारी बाई नळासाठी जीव देईल? ती जीव खाईल. ज्या बातमीदारानं हे लिहिलं तो तिथं नव्हता. मी होतो. समोरच्या चहाच्या टपरीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभा होतो आणि डोळ्यांनी पाहत होतो. ती बातमी अजूनही लोक मला ऐकवतात, वर हसतात. म्हणून लिहितो.

नाशकातून मालेगावकडे निघालं की शहर संपतं तिथं हमरस्त्याला लागून पंचशीलनगर आहे. नगर म्हणजे पत्र्याची आणि कुडाची घरं, मधोमध एक छोटं विहार. बिगारी, गवंडी, कारखान्यातले हंगामी कामगार अशी सगळी माणसं. आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. मी कॉलेज सोडून संघटनेच्या कामाला लागलो होतो आणि तिथंच एका खोलीत राहत होतो. शेजारचं घर आक्काचं. पहिल्या सकाळी मला जयभीम घालून तिनं विचारलं, "काय काम करतोस?" मी म्हणालो, पत्रकं लिहितो. ती म्हणाली, "बरं. पन पोटापान्याचं काय करतोस?"

आक्का बुटकी, रुंद, आवाजानं त्याहून रुंद. वय चाळिशीचं. कायम नऊवारी, आणि नऊवारीचा काष्टा हा मोटारसायकलीसाठीच जन्माला आलाय असं तिचं पक्कं मत. कारण आक्का मोटारसायकल चालवायची. त्या काळात, त्या रस्त्यावर, मागच्या सीटवर नवऱ्याला बसवून.

ती चालवायला का लागली, ते सांगायला हवं. रामभाऊ, तिचे यजमान, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मालकाला फुकट प्रसिद्धी कशाला? यंत्रात उजवा हात गेला. हात अंगाला राहिला, पण बोटं वळायची थांबली. कारखान्यानं त्यांना घरी पाठवलं आणि विषय संपवला. त्यांची जुनी मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी राहिली ती दोन पावसाळे तशीच. टाकीवरचं कंपनीचं नाव केव्हाच खरवडून गेलं होतं. रामभाऊ एक दिवस म्हणाले, "भंगारवाल्याला बोलाव."

"बोलावते," आक्का म्हणाली, "पन आला तर आधी तुम्हाला तोलीन."

आणि तिनं भाकरीची परात अंगणात आणली. रामभाऊ खाटेवर बसून डाव्या हातानं दाखवणार, आक्का पान्यानं खोलणार. हा प्रसंग मी पाहिलेला नाही, पण दोघांनी तो मला इतक्या वेळा, इतक्या भांडत सांगितला की पाहिल्यासारखाच आहे.

"तो स्क्रू काढ."

"कंचा?"

"तो बारका."

"अहो, हितं समदेच बारके हायेत! बोटानं दावा."

"बोट वळतंय का माझं?"

"मग डोळ्यानं दावा!"

शेवटी कार्बोरेटर हातात आला. खालची वाटी उघडली तर तळाशी तपकिरी, चिकट, वास मारणारं काहीतरी थिजलेलं. "ह्यात काकवी कुनी वतली?" आक्कानं विचारलं. रामभाऊंनी समजावलं. या गाडीला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालावं लागतं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, ऑइल मागं राहतं. आधी काकवी होते, मग लाख होते. भोकं बुजतात आणि गाडी मुकी होते. आक्कानं सगळे भाग पेट्रोलमध्ये भिजत घातले, दात घासायच्या जुन्या ब्रशानं खरवडले. राहिला तो जेट. पितळेचा, शेंगदाण्याएवढा, त्याला सुईच्या टोकाएवढं आरपार भोक. एवढ्याशा भोकातून गाडीचं सगळं पोट भरतं.

आक्का सुई घेऊन आली तेव्हा रामभाऊ ओरडले. जेटमध्ये सुई घालायची नाही, तार घालायची नाही. भोक एक केस जरी मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिते आणि चालत नाही. भिजवायचा आणि फुंकायचा, एवढंच. आक्कानं जेट ओठांत धरला आणि फुंकला. पुन्हा भिजवला, पुन्हा फुंकला. मग एक डोळा मिटून तो सूर्याकडं धरला आणि ओरडली, "आभाळ दिसलं!"

गाडी सुरू झाली. त्या रात्रीच्या भाकरीला पेट्रोलचा वास आला म्हणून रामभाऊ जेवले नाहीत, आणि आक्का दोघांचं जेवली.

चालवायला ती विहारामागच्या मैदानात शिकली. पडली, उठली, रामभाऊंना मागं बसवून पुन्हा पडली. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. पारावरचा एकजण म्हणाला, "काय रामभाऊ, बायकोनं मागं बसवलं व्हय?" आक्कानं गाडी तिथंच थांबवली. "बसवलं म्हंजी? पोतं हाय का ते? बसलेत ते. आन् तुमची बायको तुम्हाला कुठंबी बसवत नाय, त्याचं बघा आधी." पारावरचे पुन्हा बोलले नाहीत. निदान ती ऐकेल असं बोलले नाहीत.

गाडी म्हातारी, त्यात पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायची पद्धत तेव्हाही होती. त्यामुळं आक्काला कार्बोरेटर सारखा खोलावा लागायचा. कुठंही खोलायची. विहारासमोर, आठवडेबाजारात, एकदा लग्नाच्या मांडवात, नवरदेव यायच्या आधी. पांढरी चादर अंथरायची, त्यावर भाग ओळीनं मांडायची आणि जेट फुंकून झाला की गालात ठेवून द्यायची, पान ठेवावं तसा. "भुईवर ठेवला तर हरवतो, पदराला बांधला तर इसरतो. गालात ठेवला म्हंजी तोंड बी बंद ऱ्हातं."

"तोंड बंद राहतं हे खोटं आहे," रामभाऊ खाटेवरून म्हणायचे. खोटंच होतं. गालात जेट ठेवून आक्का अर्धा तास भांडू शकायची. रामभाऊ रोज बजावायचे, "शेवंते, गिळशील एक दिवस." ती म्हणायची, "तुम्ही हात घालताना मी सांगितलं होतं का, जाईल म्हनून?"

तिला गर्व होता. साध्यासुध्या माणसाच्या नम्रतेचं फार कौतुक लिहिलं जातं. आक्काकडं ती औषधालाही नव्हती. 'नाशकात माझ्यासारखा कारबोटर कुनी खोलत नाय' असं ती ऐकणाऱ्याला न विचारता सांगायची. ते खरं नव्हतं. गाडी पुष्कळदा चौथ्या-पाचव्या खेपेला सुरू व्हायची. तरी तिचा गर्व मला आवडायचा. आमच्या माणसांनी मान खाली घालावी अशी व्यवस्था फार जुनी आहे. एका बाईनं ती कार्बोरेटरच्या निमित्तानं मोडली, तर मोडू दे.

एकदा मी मोठ्या हौसेनं पत्रक लिहिलं : 'शासनाचा कार्बोरेटर तुंबला आहे! जनतेने तो उघडलाच पाहिजे!' सायक्लोस्टाइल करायच्या आधी तिला वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "खोड ते."

"का?"

"कारबोटर म्हंजी कारबोटर, सरकार म्हंजी सरकार. कारबोटर साफ केला की ऐकतो. त्याला नाव ठेवू नको."

खोडलं.

आता नळाचं. पंचशीलनगरात पाणी नव्हतं. पाणी हमरस्त्याच्या पलीकडं होतं, एका मळ्यातल्या विहिरीवर. म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक बाईनं डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन मुंबई-आग्रा रस्ता ओलांडायचा. मालाचे ट्रक, कांद्याचे ट्रक, सुताचे गठ्ठे घेऊन मालेगावला जाणारे टेम्पो. जाताना हंडा रिकामा असतो तेव्हा पळता येतं. येताना भरलेला असतो. पाइपलाइन मंजूर झाली होती, पाइप येऊनही पडले होते. राहिलं होतं एकच. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी वस्तीवर यायचं, नळाची जागा ठरवायची आणि चुन्याची खूण करायची. साहेब येत नव्हते. आम्ही अर्जांवर अर्ज दिले. साहेब दौऱ्यावर.

त्या उन्हाळ्यात हौसाबाईला ट्रकनं उडवलं. हौसाबाई म्हणजे आक्काची जीवाभावाची मैत्रीण, समोरच्याच घरातली. भरला हंडा घेऊन परत येत होती. ट्रक थांबला नाही. आक्कानं गाडी काढली, हौसाबाईला मध्ये घेतलं, मागं रामभाऊ. रामभाऊंनी चालता हात तिच्याभोवती घातला आणि न वळणारा हात सीटच्या कडीत अडकवला, आणि तिघं सिव्हिलला गेले. वाटेत गाडी दोनदा दम खाऊ लागली. रामभाऊ सांगत, आक्का सगळ्या रस्ताभर गाडीशी बोलत होती, शिव्या नव्हे, आर्जवं. तिच्या तोंडून आर्जव त्यांनी तेव्हाच ऐकलं. हौसाबाई जगली. पाय आखूड राहिला, काखेत काठी आली.

आक्का परतली तेव्हा लुगडं रक्तानं भरलेलं. तिनं मला एवढंच विचारलं, "तो साहेब कुठं बसतो?"

त्या कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तसले साहेब कुठंही सापडतील. आम्ही मोर्चा काढायचं ठरवलं, तर कुठल्याशा कारणानं शहरात जमावबंदी लागली. पाचांनी एकत्र यायचं नाही. मी चिडून पत्रक लिहायला बसलो. आक्का म्हणाली, "पाच नको ना? मग आम्ही दोघं जातो. तिसरी गाडी."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आक्का कार्यालयाच्या फाटकातून आत शिरली, आणि पोर्चमध्ये उभ्या साहेबांच्या जीपच्या बरोबर मागं गाडी आडवी बंद केली. दारावर पाटी : 'साहेब दौऱ्यावर आहेत.' जीप पोर्चमध्ये आणि साहेब दौऱ्यावर! पायी गेले होते काय? आक्कानं चादर अंथरली, पेट्रोलच्या दोन वाट्या भरून ठेवल्या, आणि कार्बोरेटर खोलायला घेतला.

शिपाई धावत आला. "ए बाई, गाडी हलव."

"बंद पडली."

"मग ढकल."

"तूच ढकल की. पन पेट्रोल उघडं हाय. ती विडी इझव आधी."

शिपायानं विडी विझवली. एवढंच नव्हे, दुसऱ्या एकाची विझवायला तोच ओरडला. जीप अडकली ही बातमी वर गेली आणि कार्यालय खाली आलं. कारकून, टायपिस्ट, नकाशेवाले, सगळे आक्काभोवती. गंमत अशी की गाडी हलवा असं कुणी म्हणेना. प्रत्येकाला सल्ला द्यायचा होता.

"प्लग बघा हो, प्लग. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं असंच झालं होतं."

"वाटीत पाणी गेलं असेल."

"चोक ओढला होता का, बाई?"

"तुम्ही नळाची फाइल ओढली होती का?" आक्का म्हणाली. लोक हसले. मला टपरीवर राहवेना; मी फाटकातून आत येऊन गर्दीच्या मागं उभा राहिलो.

फौजदार आले. गर्दी पाहून त्यांचा पारा चढला. "जमावबंदी आहे, माहीत नाही का? हा जमाव कसला?"

"आम्ही दोघंच हाय," आक्का म्हणाली. "हा जमाव तुमच्या सरकारचा हाय. ह्यांना न्या."

कारकून मागं सरकले. फौजदार पुढं आले, बूट चादरीच्या काठावर. "पाच मिनिटांत गाडी बाहेर गेली नाही तर तुला गाडीसकट उचलून नेईन!"

आक्का उठली. कमरेवर हात ठेवला. गालात जेट होता. "न्या की उचलून, मी काय—"

आणि थांबली.

तिचे डोळे मोठे झाले. हात गळ्याकडं गेला. एकदा गिळल्याची हालचाल झाली, आणि ती अगदी हळू म्हणाली, "गेला."

रामभाऊंना पहिल्यांदा कळलं. "शेवंते... जेट?"

तिनं मान हलवली.

"काय गेला? कुठं गेला?" फौजदार.

"जेट, साहेब," रामभाऊ म्हणाले. "पितळेचा. पोटात."

आता जे झालं त्याला बातमीदार आत्महत्येचा प्रयत्न म्हणतो! तिकडं पळापळ सुरू झाली. कुणी पाणी द्या म्हणे, कुणी पाणी देऊ नका म्हणे. एवढ्यात जिन्यावरून दौऱ्यावर गेलेले साहेब धावत खाली आले. घामाघूम. "जीप काढा! बाईंना सिव्हिलला न्या ताबडतोब!" मघा जिला हात लावायला कुणी तयार नव्हतं ती मोटारसायकल चार कारकुनांनी नवजात बाळासारखी उचलून बाजूला ठेवली.

आक्का मात्र चादरीवर बसली. मांडी घालून.

"चला, बाई, चला," साहेब म्हणाले.

"येते की. पन आधी वस्तीवर. चुन्याची खूण करा, मग दवाखाना."

"अहो, पोटात पितळ आहे तुमच्या!"

"माझ्या पोटात हाय. तुमच्या पोटात कशाला गोळा आला?"

रामभाऊ पुढं झाले. मी त्या माणसाचा चढा आवाज तोवर ऐकला नव्हता. "उठ! शेवंते, उठ म्हणतो ना! नळ मेला तिकडं, आधी दवाखान्यात चल!"

आक्कानं वर पाहिलं. आवाज उतरला होता. "अहो, ऐकते तुमचं. कधी नाय ऐकलं? पन आत्ता उठले तर ह्यो मानूस परत वर जाईल. आन् हौसाची पोर बी तोच रस्ता वलांडते."

रामभाऊंनी तिच्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं. आणि तेही चादरीवर बसले. तिच्या शेजारी.

फौजदार साहेबांच्या कानाशी लागले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण अंदाज येतो. बाईला आवारात काही झालं तर कागदावर कुणाचं नाव येईल, असंच काहीतरी. साहेबांनी कपाळ पुसलं. "अरे, चुना आणा!" भांडाराची किल्ली सापडली. एरवी जी किल्ली महिनोन्महिने सापडत नाही, ती सापडली.

जीपमध्ये साहेब पुढं, आक्का आणि रामभाऊ मागं, चुन्याची गोणी मध्ये. मी मागच्या फळीला लटकलो. मला खाली उतर म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

वस्तीवर साहेबांनी हमरस्त्याच्या कडेलाच चुना टाकायला हात उचलला. तिथं पाइप कमी लागणार होता. आक्का जीपमधून ओरडली, "हितं नाय!"

"आता काय?"

"रस्त्याच्या कडंला नळ घालता? लेकरं भांडतील, पळतील, कुठं जातील? आत घ्या."

"पाइप वाढतो, बाई."

"वाढू द्या."

साहेब दहा पावलं आत आले. "इथं?"

"आनखी आत."

हौसाबाई काठी टेकत आली होती. बाकी बायाही जमल्या. आक्काच्या पोटात काय आहे ते त्यांना कळलं होतं, आणि त्या रडायच्या बेतात होत्या, पण आक्का घासाघीस करत होती आणि ती चालू असताना रडणं बरं दिसलं नसतं. विहाराच्या भिंतीपाशी आल्यावर आक्का म्हणाली, "हौसा, तुला हितवर येता येतंय का?" हौसाबाई काठीवर चालून गेली, उभी राहिली, मान हलवली. तिच्या काठीच्या टोकाशी साहेबांनी स्वतःच्या हातानं चुन्याची फुली काढली आणि पाइप टाकणाऱ्या ठेकेदाराच्या नावानं तिथंच सही करून हुकूम दिला.

"आता चला," आक्का म्हणाली.

सिव्हिलच्या डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे काढला आणि केळी खायला सांगितली. दोन-तीन दिवसांत जेट आपल्या वाटेनं बाहेर आला. रामभाऊ म्हणाले, नवा आणू. आक्का म्हणाली, "का? ह्यानं काय गुन्हा केला?" तिनं तो साबणानं धुतला, उकळला, रात्रभर पेट्रोलात बुडवला आणि पुन्हा गाडीत बसवला. फक्त त्या वेळची फुंकर तिनं रामभाऊंना मारायला लावली.

मी पत्रक लिहायला घेतलं तर तिनं हात धरला. "पोटाचं छापू नको. लोक पोट ध्यानात ठेवतील आन् नळ इसरतील." मी छापलं नाही. वर्तमानपत्रानं छापलं, आणि अगदी तसंच झालं. म्हणून आज नळासकट सगळं लिहिलं. कुणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा अभिमान. आहेच मला. मी नंतर मोठे मोर्चे पाहिले, मोठी भाषणं ऐकली. पण साहेबाला 'आनखी आत' म्हणणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

पावसाळ्याच्या आधी नळाला पाणी आलं. उद्घाटनाला एक पुढारी आले, नारळ फोडून गेले. त्याच आठवड्यात मला संघटनेनं पेठ तालुक्यात कामाला पाठवलं. निघालो त्या सकाळी एसटीची वाट पाहत हमरस्त्यावर पिशवी घेऊन उभा होतो. मागं नळावर रांग लागली होती. पहिला नंबर कुणाचा यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं, ते रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. आक्का डोक्यावर भरला हंडा घेऊन मला निरोप द्यायला रस्त्याच्या कडेला आली. म्हणाली, "तिकडच्या बायांना आधी पान्याचं इचार. पत्रकाचं मागनं."

एवढ्यात मालेगावकडून एक ट्रक आला. ड्रायव्हरनं तिला पाहिलं, रस्त्याच्या काठावर, डोक्यावर हंडा, आणि करकचून ब्रेक दाबला. खिडकीतून हात बाहेर काढून तो ओरडला, "चलो माँ, निकलो जल्दी!"

आक्का हलली नाही. त्यानं हॉर्न वाजवला.

"जा बाबा, तू जा," ती म्हणाली. "आम्हाला पल्याड काय काम नाय आता."

त्याला कळलं नसावं. गाडी गियरमध्ये टाकून तो निघून गेला. माझी एसटी आली, मी चढलो, मागच्या काचेतून पाहिलं. आक्का तिथंच उभी होती, एक हात हंड्याला, दुसऱ्या हातानं येणाऱ्या प्रत्येक ट्रकला खुणावत : जा, जा.